दारातली दगडी वाट आणि तिच्या फटींतली हिरवळ

गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांमधून कुडाची घरे जाऊन विटांची घरे उभी राहिली. रमाई आवास योजनेतून कितीतरी कुटुंबांच्या डोक्यावर पक्के छप्पर आले. पण घर झाले आणि पैसा संपला, असेच बहुतेकांचे होते. दारापासून रस्त्यापर्यंतची पंधरा-वीस फुटांची वाट तशीच राहते. पावसाळ्यात तिथे काळ्या मातीचा चिखल, उन्हाळ्यात भेगा आणि फुफाटा. डोक्यावर हंडा घेऊन येणारी बाई, शाळेला निघालेले लेकरू आणि काठी टेकणारी आजी, तिघांनाही तीच वाट तुडवावी लागते.

यावर सल्ला ठरलेला असतो : सगळ्या अंगणाला कोबा करा, नाहीतर गट्टू बसवा. ज्यांना परवडते ते करतात. पण मलकापूर, नांदुरा, शेगाव या घाटाखालच्या भागात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो, तेव्हा हा कोबा दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत घरावर वाफ सोडतो. पडलेला पाऊस जमिनीत न मुरता नालीत जातो. आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी वणवण आपल्याच मायबहिणींची होते. नाले-तलाव खोल करायचे आणि निघालेला मुरूम रस्त्याच्या कामाला वापरायचा, ही 'बुलढाणा पॅटर्न' म्हणून गाजलेली रीत आपल्याच जिल्ह्याची. मोठ्या रस्त्याला पाण्याचे काम जोडता येते, तर दारातल्या वाटेला का जोडू नये?

त्यासाठी साधा उपाय आहे. पावलापावलावर दगड किंवा फरशीचे तुकडे बसवायचे आणि मधल्या फटींत जमिनीलगत पसरणारी झाडे लावायची. पाय दगडावर पडतो, पाणी फटीत मुरते, माती उडत नाही. 'पोटाची भ्रांत असताना बगीचा कसला?' असे कोणी म्हणेल. पण ही चैन नव्हे. चिखल, धूळ आणि उष्णता यांवरचा हा कमी खर्चाचा इलाज आहे.

दगड कसे बसवावेत?

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर नुसता दगड ठेवला तर तो वर्षभरात डुगडुगतो. म्हणून मे महिन्यातच वीतभर खोदावे, चार इंच मुरूम टाकून पाणी मारून धुम्मस करावा, वर इंचभर रेती किंवा गिट्टीची चुरी पसरून दगड घट्ट बसवावा. खाली पोकळी राहिली नाही तर विंचवाला जागा मिळत नाही. मुलांचे आणि म्हाताऱ्यांचे पाऊल लहान असते. एका दगडाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत दीड फूट अंतर पुरे. फट दोन-तीन बोटांची ठेवावी. उतार भिंतीपासून बाहेर काढावा, म्हणजे पाणी साचून डास होणार नाहीत.

फुटकी शहाबादी फरशी, जुन्या जोत्याचे दगड, शेतातला काळा पाषाण, काहीही चालते. दगड उचलण्याचे काम मात्र घरातल्या पुरुषांनी करावे. सडा-सारवण बाईचे, पाणी बाईचे आणि दगडही बाईचेच, हे बरे नव्हे.

फटींत काय लावावे?

भर उन्हाच्या जागी पहिला मान जलपिंपळीचा. ओढ्याकाठी, कालव्याच्या कडेला ही वेल जमिनीला चिकटून पसरलेली असते. पांढरट-जांभळी बारीक फुले गोंड्यासारखी दिसतात. तिच्या पेऱ्यापेऱ्याला मुळ्या फुटतात, त्यामुळे ती माती धरून ठेवते आणि पायाखाली आली तरी पुन्हा उठते. खारटपणाही सोसते, म्हणून पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या वाचकांनी हीच निवडावी. फुलांवर मधमाश्या येतात, तेवढे अनवाणी लेकरांना सांगून ठेवावे.

हरळी फुकट मिळते आणि सहज मरत नाही. पण ती शेतात घुसली तर काय करते हे शेतमजुराला सांगायला नको. वाफ्यापासून लांब लावावी आणि महिन्यातून एकदा विळ्याने कापावी.

घोळ उन्हात वाढते आणि भाजीलाही येते. मात्र खुडताना देठ मोडून पाहावा. पांढरा चीक निघाला तर ती घोळ नव्हे, दुधी आहे; ती खाऊ नये. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी घोळीची भाजी बेताने खावी.

घोळीचीच बहीण चिनी गुलाब. ऊन चढल्यावर फुलते म्हणून तिला 'ऑफिस टाइम' म्हणतात. आम्हा कारकुनांपेक्षा ती वेळेची पक्की! पण तिला पाय सोसत नाही, म्हणून ती वाटेच्या कडेला असावी. न्हाणीजवळच्या सावलीत, ओलीला मंडूकपर्णी चांगली पसरते. उन्हात मात्र ती टिकत नाही.

लागवड आणि पाणी

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की लागवड करावी. दोन भाग माती, एक भाग रेती, एक भाग चाळलेले शेणखत असे मिश्रण फटीत भरावे. मुळ्या असलेला बोटभर तुकडा वीतभर अंतरावर दाबून लावावा. उघडीप पडली तर तापलेल्या दगडाची कड कोवळा कोंब करपवते. तेव्हा पंधरा दिवस वर पऱ्हाटीची विरळ सावली करावी. एकदा मुळी दगडाखाली गेली की चिंता नाही. कडक उन्हाळ्यातही दगड उलटला तर खाली ओल सापडते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

उन्हाळ्यात पिण्याचे पाणी याला घालू नये. आंघोळीचे पाणी आठवड्यातून दोनदा, सूर्य कलल्यावर द्यावे. कपडे धुतलेले पावडरचे पाणी मात्र टाळावे. पहिल्या पावसाळ्यात गाजरगवत उपटत राहावे, तेही फुलावर येण्याआधी आणि हाताला कापड गुंडाळून, कारण त्याने खाज सुटते. फटी भरल्या की त्याला जागाच उरत नाही.

बंधू-भगिनींनो, घर शासनाच्या मदतीने झाले असेल, पण दारातली वाट आपल्या हातची आहे. चार घरांनी मिळून एक बैलगाडी मुरूम आणला आणि एका घरची वेल चार घरी वाटली, तर खर्चही वाटला जातो. येत्या मृगाआधी दगड बसवून ठेवू या; पाऊस त्याच्या वेळेला येईलच.