धाकट्या पातीचा चहा

ज्याच्या मळ्यावर खुडणीपूर्वी वीसएक दिवस छाया धरलेली असते, ज्याचा पहिला कोवळा बहर मे महिन्याच्या सुमारास हाती येतो आणि ज्याच्या मूठभर पत्तीसाठी जपानातील रसिक भरजरी वस्त्राचा भाव मोजायला सिद्ध होतो, त्या ग्योकुरो चहाचे नाव ऐकताच मध्यम स्थितीतील गृहस्थाने हात आखडता घ्यावा, हे स्वाभाविकच आहे. परंतु हे मोल नेमके कशाचे, याचा जमाखर्च मांडून पाहिला, तर आपण समजत होतो तितके वंचित नाही, असे त्याच्या ध्यानात येईल.

क्योतोजवळच्या उजीच्या परिसरात १८३५ च्या सुमारास उदयास आलेल्या या चहाचे रहस्य छायेत आहे. चहाची मधुरता ज्यामुळे येते ते थिआनिन नावाचे द्रव्य झाडाच्या मुळांत तयार होऊन देठाच्या वाटेने पानात चढते आणि तेथे ऊन लागले की त्यापासून तुरट द्रव्ये बनू लागतात. सावलीत ते बहुतांशी टिकते. आता गंमत अशी, की वाटेतला देठही आपली जकात वसूल केल्यावाचून राहत नाही. पत्तीची निवडणी होताना हे देठ बाजूला काढले जातात, कारण अव्वल मालात रूपालाही दाम असतो. या देठांचाच चहा म्हणजे ‘कुकिचा’; उंची पत्तीतून निघालेल्या देठांना क्योतोकडे ‘करिगाने’ म्हणतात. त्याच निवडणीत पडलेला चुरा म्हणजे ‘कोनाचा’, जो सुशीच्या दुकानांतून मोठ्या पेल्यात भरून देण्याचा दस्तूर आहे. देवास संस्थानाच्या दोन गाद्यांप्रमाणे येथेही थोरली पाती आणि धाकटी पाती. कूळ एकच, मात्र नजराणा पुष्कळ कमी.

तथापि उत्तम जिन्नस घरी आणून त्याची माती करण्याचे कसब आपणांस उपजत आहे, कारण चहा म्हटला की खळखळते आधण, हे समीकरण आपल्या हाडीमासी खिळलेले आहे. थिआनिन थंड पाण्यातही उतरते. तुरटपणाला मात्र उष्णता हवी असते. म्हणून ग्योकुरोला ५० ते ६० अंश आणि ‘सेंचा’ या रोजच्या साध्या हिरव्या चहाला ७० ते ८० अंश उष्णतेचे पाणी पुरते. तापमापकाचीही गरज नाही: उकळलेले पाणी एका भांड्यातून दुसऱ्या थंड भांड्यात ओतले, की सुमारे १० अंश उतरतात. याहून सोपी युक्ती म्हणजे एक लिटर थंड पाण्यात १० ते १५ ग्रॅम पत्ती टाकून ते चार-पाच तास शीतकपाटात ठेवावे. सामान्य दर्जाचा सेंचाही असा काही सौम्य होतो, की पाहुण्याला त्याची किंमत सांगण्याचा मोह आवरावा लागतो.

एकदा वापरलेली पत्ती लगेच फेकणे ही तर उधळपट्टीच. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी पाणी थोडे अधिक गरम घ्यावे. उरलेली कोवळी पाने सोया सॉसचे दोन थेंब घालून खाण्याची रीत जपानात आहे, आणि ती मला कोणत्याही काटकसरीच्या व्याख्यानापेक्षा अधिक पटते.

खरेदी मात्र लहान पुड्यांचीच करावी, कारण हवा, उजेड आणि दमटपणा या तिघांपुढे हिरव्या चहाचा निभाव लागत नाही, आणि आपला पावसाळा तर त्याचा हाडवैरीच. इतके करूनही एखादी पुडी शिळी झालीच, तर ती कोरड्या तव्यावर मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत परतावी. घरच्या घरी ‘होजिचा’ तयार होतो, आणि त्याला बिनदिक्कत उकळते आधण चालते.