भरल्या पोटी शिकार

इंग्लंडमध्ये ऑक्टोबर संपत आला, शेताच्या बांधावरचं रान वाळून बसलं आणि सशांच्या बिळांची तोंडं उघडी दिसू लागली, की फेरेट पाळणाऱ्यांचा हंगाम सुरू होतो. जाळी, खुंट्या, फावडं, लाकडी पेटी ही तयारी आदल्या रात्रीच झालेली असते. सकाळी निघताना एक काम मात्र जाणता माणूस चुकवत नाही. पेटीत घालण्याआधी तो प्रत्येक फेरेटला थोडं खाऊ घालतो. शिकारीला निघालेल्या प्राण्याचं पोट आधीच भरायचं, हे ऐकायला उफराटं वाटतं. पण या कामातलं खरं कसब इथूनच सुरू होतं.

फेरेट म्हणजे युरोपातल्या पोलकॅट या रानटी प्राण्याची माणसाळवलेली जात. लांबट अंग, आखूड पाय आणि उग्र वास. दिसायला मुंगसाच्या जवळचा, पण कुळानं आपल्या नद्यांतल्या पाणमांजराचा भाऊबंद. नराला हॉब म्हणतात, मादीला जिल आणि पिल्लाला किट. जिलचं वजन साधारण 600 ते 900 ग्रॅम भरतं, हॉब एक ते दोन किलोपर्यंत जातो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो यानं स्पेनमधल्या सशांच्या उपद्रवाबद्दल लिहिताना बिळांत सोडायला पाळलेल्या, आफ्रिकेतून आणलेल्या प्राण्यांचा उल्लेख केला आहे. ते फेरेटच असावेत, असं मानलं जातं. 14व्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये तयार झालेल्या ‘क्वीन मेरी साल्टर’ या सचित्र हस्तलिखितात तर बायका जाळं लावून फेरेटच्या मदतीनं ससे धरताना दिसतात.

कामाची रीत आजही जवळपास तीच आहे. सशांच्या वसाहतीला अनेक तोंडं असतात. प्रत्येक तोंडावर बटव्यासारखं दोरीनं आवळलं जाणारं जाळं पसरायचं, त्याची खुंटी जमिनीत ठोकायची आणि एका तोंडातून फेरेट आत सोडायचं. त्याच्या वासानं आणि चाहुलीनं ससे जीव घेऊन बाहेर धावतात आणि जाळ्यात सापडतात. फेरेटनं ससा मारावा अशी इथं अपेक्षाच नसते. त्यानं आत फिरावं, ससे हुसकावे आणि बाहेर यावं, एवढंच त्याचं काम.

उपाशी फेरेट नेमकं हेच बिघडवतं. आत एखादा ससा आंधळ्या बोळात कोंडला गेला, की ते त्याला तिथंच मारतं, पोटभर खातं आणि त्याच्याच उबेला झोपून जातं. वर माणसं थंडीत ताटकळत बसतात. पूर्वी अशा वेळी दोरी बांधलेला एखादा दांडगा हॉब आत सोडत. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी असत. किती गाठी आत गेल्या ते मोजून आणि दोरीचा माग धरून खणत जात. आता फेरेटच्या गळपट्ट्यात छोटा ट्रान्समीटर असतो आणि वरच्या माणसाच्या हातातलं यंत्र जागा आणि खोली सांगतं. पण खणावं लागतंच.

मग भुकेवाचून फेरेट बिळात जाईल तरी का? ते जातं, कारण अंधारं भोक दिसलं की आत शिरून पाहिल्याशिवाय त्याला राहवत नाही. 1971 साली अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या नॅशनल ॲक्सिलरेटर लॅबोरेटरीत, म्हणजे आजच्या फर्मीलॅबमध्ये, फेलिशिया नावाच्या फेरेटकडून नळ्या साफ करून घेतल्या होत्या. तिच्या अंगावरच्या पट्ट्याला दोरी बांधत, ती नळीच्या दुसऱ्या टोकाला पोचली की त्या दोरीला फडकं बांधून आतून ओढून काढत. सहा किलोमीटरहून लांब मुख्य वर्तुळाकार नळीत शिरायला मात्र तिनं नकार दिला. छोट्या नळ्यांतून ती मजेत धावत असे.

फेरेटची बाजू नीट कळते ती त्याच शेतात काम करणाऱ्या शिकारी पक्ष्याशेजारी ठेवून पाहिल्यावर. ब्रिटनमध्ये काही लोक जाळ्याऐवजी हॅरिस हॉक हा पक्षी वापरतात. फेरेट ससा बाहेर काढतं, पक्षी झाडावरून त्याच्यावर झेपावतो. या पक्ष्याचं वजन रोज तोलावं लागतं, तेही ग्रॅमच्या हिशेबात. थोडा जड झाला तर तो झाडावर बसून राहतो, मालकाच्या शिटीकडे लक्ष देत नाही. फार हलका झाला तर ताकद जाते आणि जिवावर बेततं. मालकाच्या हाताशी त्याला बांधून ठेवतो तो भुकेचा लगाम. फेरेटला मात्र तो लगाम लावला की कामच बिघडतं. एकाच मोहिमेतले दोन सोबती, पण एकाचा नियम दुसऱ्याला लावला तर दिवस वाया जातो. दोन्ही प्राणी सांभाळणाऱ्या माणसाबद्दल मला म्हणूनच विशेष आदर वाटतो.

हे सगळ्यांना ठाऊक होतं असं मात्र नाही. फेरेट उपाशी ठेवलं तरच चांगली शिकार करतं, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालली. मांस दिलं तर ते हिंस्र होईल, हाताला चावेल, अशीही भीती होती. म्हणून अनेक ठिकाणी दुधात भिजवलेला पाव हेच त्याचं रोजचं अन्न असे. स्वस्त पडे हे त्याचं मोठं कारण. उपाशी प्राणी बिळात ससा मारून बसतो म्हटल्यावर मळणीच्या बैलाला बांधावी तशी मुसकी त्याच्या तोंडाला बांधत. काही जण तर ओठ शिवून टाकत. मुसकी बांधलेलं फेरेट बिळात हरवलं तर ससे आजूबाजूला असूनही भुकेनं मरे. भुकेनं उभी केलेली अडचण आणखी क्रौर्यानं सोडवायची, असा तो प्रकार होता. वाईट याचं वाटतं की सकाळी मूठभर मांस दिलं असतं तर यातलं बरंच टळलं असतं.

दूध-पाव त्याला का सोसत नाही, याचं उत्तर त्याच्या आतड्यात आहे. फेरेट निव्वळ मांसाहारी आहे. त्याचं आतडं आखूड, त्याला अंधांत्र नाही. खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं. धान्य, भाजी, चोथा यांतून काही काढून घ्यायला त्याला वेळही नाही आणि सोयही नाही. दुधातली साखर पचत नाही, हगवण लागते. त्याला लागतात भरपूर प्राणिज प्रथिनं आणि चरबी. कोरड्या खाद्यात प्रथिनं निदान 30 ते 35 टक्के आणि चरबी 15 ते 20 टक्के असावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. पोट इतक्या झटपट रिकामं होत असल्यामुळे ते दिवसातून अनेकदा थोडंथोडं खातं. दिवसभर कोरडं ठेवलेलं फेरेट उपासानं तरतरीत होत नाही, रक्तातली साखर उतरून मलूल होतं. लांबच्या कामाच्या दिवशी दुपारीही घास आणि पाणी द्यावं लागतं ते यासाठीच.

सगळ्यात चांगलं अन्न म्हणजे अख्खा प्राणी: केस, हाडं, काळीज, सगळ्यासकट. नुसतं लुसलुशीत मांस दिलं तर कॅल्शियम कमी पडतं आणि वाढत्या पिल्लांची हाडं ठिसूळ होतात. अंडी उबवण्याच्या केंद्रांतून मिळणारी एक दिवसाची मेलेली कोंबडीची पिल्लं स्वस्त असतात, पण फक्त त्यांच्यावर ठेवलं तर जीवनसत्त्वं आणि खनिजं अपुरी पडतात. म्हणून अदलाबदल हवी. जाळ्यात धरलेला ससा उत्तम, कारण त्यात शिसं नसतं. बंदुकीनं मारलेल्या सशातले छर्रे आणि त्यांचे तुकडे मात्र काळजीपूर्वक काढावे लागतात. दिवस संपताना ताज्या सशाचं काळीज फेरेटला देण्याची रीत आहे. मला ती त्याच्या मजुरीइतकीच रास्त वाटते.

किती द्यायचं याला ठरीव माप नाही, कारण फेरेटचं वजन ऋतूप्रमाणे हलतं. दिवस लहान होऊ लागले की त्याच्या कातडीखाली चरबी साठते. वसंतात दिवस वाढले की ती उतरते. नसबंदी न केलेल्या हॉबमध्ये हा फरक 30 ते 40 टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे कामाच्या हंगामातच तो सर्वांत जड असतो, आणि ती चरबी थंड, ओल्या मातीत तासन्‌तास फिरताना त्याच्या उपयोगी पडते. हिवाळ्यातलं हे वजन पाहून घाबरून खाणं तोडणारा नवखा मालक प्राण्याचं पांघरूणच काढून घेतो. उलट वर्षभर पिंजऱ्यात बसून नासपतीच्या आकाराचं झालेलं फेरेट बिळात लवकर दमतं.

ऋतूची चरबी आणि लठ्ठपणा यांतला फरक ओळखायला स्वयंपाकघरातला वजनकाटा, त्यावर ठेवायला डबा, वही आणि बोटं पुरतात. दर आठवड्याला वजन लिहायचं, मग पाठीवरून हात फिरवायचा. मणके बोटांना जाणवले पाहिजेत, पण टोचता कामा नयेत. एप्रिलमध्ये हॉब उतरला तर ते ऋतूचं काम. नोव्हेंबरमध्ये उतरला तर पशुवैद्याकडे न्यायला हवं. वही नसेल तर या दोन गोष्टी सारख्याच दिसतात, आणि आजार हातचा निसटतो.

  

फेब्रुवारी-मार्चपर्यंत बिळांत सशांची पिल्लं दिसू लागतात. अशा बिळात सोडलेलं फेरेट, पोट भरलेलं असलं तरी, घरट्यापाशीच थांबतं, म्हणून शहाणी माणसं जाळी आवरून ठेवतात. यापुढची काळजी निराळी. माजावर आलेल्या जिलचा नराशी संबंध आला नाही, तर तिचा माज उतरत नाही आणि वाढलेल्या संप्रेरकांमुळे रक्तक्षय होऊन ती मरूही शकते. व्यायलेली जिल दूध पाजताना झपाट्यानं वाळते, तेव्हा तिच्यापुढे अन्न सतत हवं.

पिल्लं जन्मतात तेव्हा दहा-एक ग्रॅमची असतात. तिसऱ्या आठवड्यात, डोळे उघडण्याच्याही आधी, ती मांस चोखू लागतात. पहिल्या तीन महिन्यांत ज्याचा वास नाकाला पडला तेच त्यांना आयुष्यभर अन्न वाटतं. फक्त कोरड्या गोळ्यांवर वाढलेलं फेरेट मोठेपणी पुढ्यातला ससा हुंगून बाजूला सारतं आणि हट्टानं उपाशी बसतं. म्हणून जाणती माणसं जून-जुलैमध्येच किटना ससा, कोंबडी, कबूतर, काळीज आणि गोळ्या असं सगळं आलटून पालटून चाखवतात. नोव्हेंबरच्या सकाळी पेटीत जाण्याआधी ते फेरेट काय खाईल, हे त्याच दिवसांत ठरून जातं.