गोठलेल्या गाळाची साक्ष

चाकणच्या शीतगृहात ठेवलेला बटाटा महिनोन्‌महिने टिकतो. तोच वैशाखात उघड्यावर राहिला तर काही आठवड्यांत कोंब फुटतात, साल सुरकुतते आणि सडायला सुरुवात होते. सजीवांच्या पेशींतल्या डीएनएचीही गत अशीच असते. जीव मेला की पाणी, ऊब आणि सूक्ष्मजंतू मिळून त्याचे तुकडे पाडू लागतात. थंडी जितकी कडक, तितकं हे काम मंद होतं.

उत्तर ग्रीनलंडमधल्या काप कोबेनहाऊन नावाच्या जागी ते इतकं मंदावलं, की सुमारे २० लाख वर्षांपूर्वीच्या गाळातला डीएनए आजही वाचता आला. एस्के विलरस्लेव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७ डिसेंबर २०२२ रोजी ‘नेचर’मध्ये हे संशोधन मांडलं. आज तिथे जवळजवळ उजाड ध्रुवीय वाळवंट आहे. गाळाने मात्र पॉप्लर आणि बर्चची झाडं दाखवली, त्यांच्यामध्ये फिरणारे रेनडियर, ससे, लेमिंग आणि हंस दाखवले. हत्तीच्या दूरच्या नात्यातला मॅस्टोडॉनही निघाला. तो कधी ग्रीनलंडपर्यंत पोचला असेल, असं कुणाला वाटलं नव्हतं. त्या काळी तिथलं सरासरी तापमान आजच्यापेक्षा ११ ते १९ अंशांनी जास्त होतं. झाडाझुडपांचा आणि प्राण्यांचा असा मेळ आज जगात कुठेच नाही.

या शोधाला मॅस्टोडॉनचं एकही हाड लागलं नाही.

प्राणी चालताना, चरताना मागे बरंच काही सोडत असतो: लेंडी, मूत्र, केस, त्वचेच्या पेशी. झाडं मुळं आणि पानं सोडतात. त्यातला डीएनए सुटा होऊन चिकणमातीच्या आणि क्वार्ट्‌झच्या कणांना चिकटतो, आणि चिकटलेला तुकडा सहजासहजी नष्ट होत नाही. ती माती बारमाही गोठलेली, म्हणजे पर्माफ्रॉस्ट, असेल तर तो लाखो वर्षं तग धरतो. विलरस्लेव्ह यांनीच २००३ मध्ये ‘सायन्स’मध्ये दाखवून दिलं होतं, की सैबेरियाच्या गोठलेल्या मातीतून मॅमथ, बायसन आणि घोडा यांचा माग निव्वळ डीएनएवरून काढता येतो.

हे काम चिकाटीचं आहे. जमिनीत नळी घालून गाळाचा उभा दंडगोल बाहेर काढतात. त्याचं बाहेरचं आवरण खरवडून टाकतात आणि आतला गाभा तेवढा घेतात, कारण हाताळणाऱ्या माणसाचा किंवा हवेतल्या परागाचा डीएनए मिसळला तर सगळे निष्कर्षच फसतात. पुढचं काम निर्जंतुक खोलीत चालतं. हाती येणारे तुकडे अतिशय लहान असतात. ते वाचून आजच्या सजीवांच्या नोंदींशी ताडून पाहतात. तुकडा खरोखर जुना आहे का, हे त्याच्या झिजेवरून कळतं: काळाच्या ओघात डीएनएच्या टोकांकडची सायटोसिन नावाची अक्षरं बिघडतात आणि यंत्राला ती थायमिन म्हणून दिसतात. टोकांना अशी झीज नसलेला तुकडा संशयास्पद ठरतो.

२०२१ मध्ये ‘नेचर’मध्येच आलेल्या एका अभ्यासाने उत्तर ध्रुवाभोवतीच्या ७४ जागांवरचे ५३५ नमुने तपासून मागच्या ५० हजार वर्षांचा हिशेब मांडला. हवामान ओलसर होत गेलं, मॅमथची चराई असलेली गवताळ मैदानं दलदलीत बदलली आणि त्याचा आधार सुटला. तरी सैबेरियाच्या उत्तर टोकाला काही मॅमथ सुमारे ३,९०० वर्षांपूर्वीपर्यंत टिकून होते.

तो काळ पुणे जिल्ह्याला परका नाही. त्यानंतर थोड्याच शतकांनी, इ. स. पू. १६०० च्या सुमारास, शिरूर तालुक्यात घोडनदीकाठी इनामगावची वस्ती उभी राहिली. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी १९६८ पासून तिथे वर्षानुवर्षं उत्खनन केलं. जळलेले दाणे आणि जनावरांची हाडं यांवरून त्यांनी तिथल्या निसर्गाचं चित्र उभं केलं. ढवळीकरांच्या मांडणीनुसार इ. स. पू. १००० नंतर हवा कोरडी झाली, सातूचं पीक घटलं, माणसं शिकारीवर जास्त विसंबू लागली आणि चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या.

मग ग्रीनलंडसारखा इथल्या मातीतूनही डीएनए का वाचता येऊ नये? अडचण उन्हाची आहे. हरियाणातल्या राखीगढीचा अनुभव याची कल्पना देतो. डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली तिथे उत्खनन झालं. सांगाड्यांचे ६१ नमुने तपासले गेले, त्यांतून एकाच स्त्रीचा वाचण्याजोगा डीएनए मिळाला. तो शोधनिबंध २०१९ मध्ये ‘सेल’मध्ये छापून आला.

तरी उष्ण देशाची दारं पूर्ण बंद नाहीत. राजस्थान आणि मध्य प्रदेशात सापडलेल्या शहामृगाच्या अंड्यांच्या कवचांतून हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातल्या (सीसीएमबी) शास्त्रज्ञांनी किमान २५ हजार वर्षांपूर्वीचा डीएनए मिळवला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाने आपल्या उपखंडात शहामृग होता, याला जनुकीय पुरावा दिला. चाळीसगावजवळच्या पाटणे इथे सापडलेलं नक्षीदार शहामृगी कवचही साधारण त्याच काळातलं आहे. म्हणजे आजच्या खानदेशात शहामृग हिंडत होता, आणि त्याच्या अंड्याच्या टरफलावर माणूस रेघा कोरत होता.

जिथे डीएनए टिकत नाही, तिथे गाळातले इतर साक्षीदार बोलतात. बुलढाण्याच्या लोणार सरोवराच्या तळातून काढलेल्या सुमारे दहा मीटर गाळात जवळपास ११ हजार वर्षांच्या पावसाची नोंद आहे. पाणी खूप आटलं की तयार होणारं गेलुसाइट हे खनिज त्यातल्या दोन मोठ्या दुष्काळांचं ठिकाण दाखवतं, तर परागकण त्या वेळची झाडं सांगतात. जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुकजवळ कुकडीच्या काठात ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि आदिमानवाची दगडी हत्यारं सापडली. त्या राखेच्या वयावरून अभ्यासकांत बराच वाद झाला. आपल्या नद्यांचे काठ असे थरांथरांनी बांधलेले आहेत, आणि ते एकदा खणले की परत उभे राहत नाहीत.

गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्रात ध्रुवीय बर्फाचे गाभे उणे तापमानात सांभाळले जातात; तिकडचा बर्फ वितळण्याचा वेग सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्याकडच्या गाळाचा धोका वेगळा आहे: वाळूउपसा, भराव आणि काँक्रीट. पवना, इंद्रायणी, भामा आणि भीमा या नद्यांच्या काठांवर पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कारखाने, रस्ते आणि वसाहती वेगाने वाढत आहेत. पायाचा खड्डा खोदताना उघडी पडणारी मातीची उभी भिंत एक-दोन दिवसांत बुजते. तेवढ्या वेळात डेक्कन कॉलेज किंवा आघारकर संशोधन संस्थेतल्या जाणकारांना ती दाखवून थरवार नमुने घेतले, ते सीलबंद करून गारव्यात ठेवले, तर काम अडत नाही आणि खर्चही फारसा नाही. परागकण आजच तपासता येतील. डीएनएचं तंत्र दरवर्षी अधिक बारीक तुकडे वाचू लागलं आहे. उद्या ते आपल्या उन्हाळी मातीलाही पुरं पडू शकेल. महापालिका, एमआयडीसी आणि बांधकाम व्यावसायिकांनी नदीकाठच्या प्रत्येक मोठ्या खोदकामाच्या परवान्यात ही अट घालून घ्यावी.