जुनी मोटार, नवा पट्टा आणि लहान मूल

दिवसभर रुग्णांच्या सहवासात वावरणाऱ्या आम्हा डॉक्टर मंडळींना एखादा छंद जडला की तो सहसा सुटत नाही. कुणी संगीताची मैफल चुकवत नाही, कुणी गडकोट पालथे घालतो, तर कुणाला जुन्या मोटारींचे वेड असते. बडोदेकरांना हे वेड मुळीच अपरिचित नाही. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या प्रांगणात जुन्या मोटारींचा मोठा सोहळा भरला होता. आपल्यापैकी अनेकांनी तो सहकुटुंब पाहिला असेल.

माझे एक ज्येष्ठ शल्यचिकित्सक स्नेही, ज्यांना आम्ही सारे 'दादा' म्हणतो, याच पंथातले. त्यांच्याकडे साठच्या दशकातली, उघड्या टपाची एमजीबी ही दोन आसनी स्पोर्ट्स कार आहे. इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ही गाडी तयार होत असे. एके दिवशी दादा उत्साहाने म्हणाले, "अरे, शर्यतीच्या गाड्यांत असतात तसे चार पट्ट्यांचे हार्नेस मागवतो आहे. दोन्ही सीटना बसवणार. मग नातीलाही रॅलीला नेता येईल. एकदम सुरक्षित!" नात सहा वर्षांची. मी म्हणालो, "दादा, तुमच्यासाठीही एवढ्यात मागवू नका. नातीसाठी तर नकोच नको." या 'नको'ची कारणमीमांसा आपल्या सर्वांच्या उपयोगाची आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

पट्ट्याच्या इतिहासात आपल्या व्यवसायबंधूंचा वाटा मोठा आहे. अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर जॉन पॉल स्टॅप यांनी १० डिसेंबर १९५४ रोजी स्वतःला रॉकेटच्या घसरगाडीवर पट्ट्यांनी जखडून घेतले. ताशी सुमारे एक हजार किलोमीटरचा वेग दीड सेकंदाच्या आत शून्यावर आला आणि त्यांच्या देहाने गुरुत्वाकर्षणाच्या सेहेचाळीस पट जोर सोसला. नीट बांधलेले शरीर किती सहन करू शकते, हे त्यांनी स्वतःच्या देहावर सिद्ध केले. पुढे १९५९ मध्ये व्होल्वोचे अभियंते निल्स बोलिन यांनी आजचा तीनबिंदू पट्टा गाडीत आणला. त्यामागचे तत्त्व साधे आहे. पट्टा बळकट हाडांवरून जावा, मऊ अवयवांवरून नव्हे. म्हणजे कमरेला श्रोणीवरून आणि वर छातीचा पिंजरा व गळपट्टीचे हाड यांवरून.

आता बसवण्याविषयी. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी आदळून शरीर साठ सेंटिमीटरमध्ये थांबले, तर त्यावर सरासरी सोळा पट गुरुत्वाकर्षणाचा जोर येतो. सत्तर किलोच्या माणसाची ओढ एक टनाच्या पुढे जाते. ती ओढ शेवटी पोहोचते बोल्टपर्यंत. पातळ पत्र्याला भोक पाडून साधा वॉशर लावला, तर बोल्ट पत्रा फाडून बाहेर येतो. म्हणून शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमांत प्रत्येक नव्या बिंदूमागे किमान ४० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची आणि ३ मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी सांगितली आहे. निर्मात्याने मुळातच आट्यांचे बिंदू ठेवले असतील, तर तेच वापरावेत. मात्र आधी गंज तपासावा. वरून रंग चकचकीत आणि आतून पत्रा कुजलेला, हे जुन्या गाड्यांचे नित्याचे दुखणे. एमजीच्याच चाळीस-पन्नासच्या दशकांतल्या टीसी, टीडी या गाड्यांची बॉडी लाकडी सांगाड्यावर उभी असते. तिथे लाकडात बोल्ट रोवणे म्हणजे निव्वळ समाधान. आधार पोलादी चॅसीचाच हवा.

हार्नेसची गोष्ट याहून नाजूक. खांद्यांचे पट्टे सीटच्या पाठीवरून जवळजवळ आडवे मागे जावे लागतात. जागा नाही म्हणून ते थेट खाली जमिनीला बांधले, तर धडकेत खांदे खाली खेचले जातात आणि मणक्यांवर दाब येतो. चार पट्ट्यांच्या साध्या हार्नेसमध्ये मांड्यांमधून जाणारा पट्टा नसतो. त्यामुळे खांद्यांची ओढ कमरेचा पट्टा पोटावर चढवते आणि शरीर त्याखालून घसरते. त्यात उघड्या गाडीला रोल बार नसेल, तर गाडी उलटताना जखडलेल्या माणसाला वाकायलाही वाव उरत नाही. शिवाय धड घट्ट बांधले की डोके तेवढे मोकळे राहते आणि सारा हिसका मानेवर येतो. फेब्रुवारी २००१ मध्ये डेटोनाच्या शर्यतीत डेल अर्नहार्ट यांचा मृत्यू कवटीच्या तळाच्या अस्थिभंगाने झाला. त्यानंतर डोके आणि मान सांभाळणारी 'हान्स' ही चौकट शर्यतींत झपाट्याने रूढ झाली. रॅलीला निघालेल्या आजोबांच्या मानेवर ती थोडीच असणार?

आता नातीकडे वळू. मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी प्रत नव्हे, हे आपण पहिल्या वर्षापासून शिकतो. डोके देहाच्या मानाने मोठे, मानेचे स्नायू व अस्थिबंध कोवळे. श्रोणीच्या हाडाचे ज्या उंचवट्याने पट्टा अडायचा, तो पुरता घडलेलाच नसतो. त्यामुळे पट्टा पोटावर सरकतो. पोटावर पट्ट्याचा आडवा वळ, आतड्याला छिद्र, आतड्याच्या पडद्याला चीर आणि कमरेच्या मणक्याचा चान्स फ्रॅक्चर हे चित्र आपल्या शल्यचिकित्सक मित्रांना ठाऊक आहे. असा वळ दिसला, तर पोट मऊ लागले तरी मुलाला घरी पाठवू नये. तान्ह्यांसाठी पाठमोरे आसन का, याचेही उत्तर याच शरीररचनेत आहे. स्वीडनमधील डॉक्टर बर्टिल आल्डमन यांनी १९६० च्या दशकात अंतराळवीरांच्या आसनावरून ही कल्पना उचलली. धडकेत डोके, मान व पाठ यांना एकाच वेळी आधार मिळतो.

सगळे ऐकून दादांनी हार्नेसचा बेत सोडला. पोलादी पट्ट्यांचा आधार देऊन तीनबिंदू पट्टे बसवून घेतले. तेही बोल्टने, पुन्हा काढता येतील असे. पन्नास वर्षांपुढील गाड्यांसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र नोंदणी आली, तिला गाडीचे मूळ रूप राखण्याची अट आहे. नातीसाठी पाठ असलेले बूस्टर आसन आले. खांद्याचा पट्टा आता तिच्या गळ्याला न घासता खांद्याच्या मध्यावरून जातो. तिची सफर मात्र शहरातल्या संथ मिरवणुकीपुरतीच, हायवेवर नाही.

जुन्या स्पोर्ट्स कार आपल्यापैकी कितीजणांकडे असणार? पण पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर बसलेले बाळ मात्र रोज दिसते. वरच्याच हिशेबाने दहा किलोचे बाळ त्या क्षणी १६० किलोंचे होते. कुठल्या आईचे हात ते पेलतील? सप्टेंबर २०१९ पासून चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा वा योग्य आसन नसल्यास एक हजार रुपये दंड आहे. स्कूटरवर नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी, चालवणाऱ्याच्या खांद्यांना जोडलेले जाकीट-हार्नेस, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा हा नियम फेब्रुवारी २०२२ मध्ये अधिसूचित होऊन वर्षभराने लागू झाला. पालकांपैकी फार थोड्यांना तो माहीत असतो.

लसीकरणासाठी मूल आपल्याकडे ठरावीक वेळी येते. त्या प्रत्येक भेटीत एकच प्रश्न विचारावा : "आज बाळाला कशावरून आणलेत आणि कसे बसवलेत?" उत्तर ऐकून दोन मिनिटे समजावावे आणि कार्डावर पुढच्या लशीच्या तारखेशेजारी तशी नोंद करावी. आपल्या मंडळाच्या सर्व सभासदांनी येत्या वर्षात एवढे करावे, ही नम्र विनंती.