न दिसणारा रक्तस्राव

बोट कापले की थोड्याच वेळात रक्त थांबते. त्यामागील व्यवस्थेचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. रक्तवाहिनी फाटताच आकसते आणि सूक्ष्म बिंबाणू जखमेशी गोळा होऊन तिचे तोंड तात्पुरते बुजवितात. मग रक्तद्रवातील प्रथिने एकापाठोपाठ एक कार्यप्रवृत्त होतात व फायब्रिनच्या तंतूंचे जाळे विणून तो बांध पक्का करतात.

या साखळीतील आठवे प्रथिन उणे असल्यास ‘हिमोफिलिया-ए’ आणि नववे उणे असल्यास ‘हिमोफिलिया-बी’ होतो. हा दोष बहुधा मातेकडून येतो व मुख्यतः मुलग्यांत प्रकट होतो. रशियाचा युवराज अलेक्सी यास ‘बी’ प्रकार होता, हे २००९ साली अस्थींच्या परीक्षणावरून सिद्ध झाले.

असा रोगी साध्या ओरखड्यानेच दगावतो, ही समजूत मात्र खरी नव्हे. बिंबाणू शाबूत असल्याने लहानशी जखम बहुधा थांबते. खरा घात होतो तो गुडघा, कोपर, घोटा यांच्या आत. तेथे वारंवार रक्त साचून कूर्चा झिजते आणि ऐन तारुण्यात पंगुत्व येते. म्हणून सांध्यात ऊब, मुंग्या किंवा ताठरपणा जाणवताच, सूज येण्यापूर्वीच, वैद्यकीय सल्ल्याने योग्य ते औषध शिरेतून देणे इष्ट असते. ॲस्पिरिन अशा रोग्यास वर्ज्य होय. स्नायूत सुई टोचणेही टाळावे लागते.

हिमोफिलिया असलेले मूल ‘दुखते’ म्हणाले, तर बाहेर जखम दिसत नाही म्हणून त्याचे बोलणे थट्टेवारी नेऊ नये. रक्त आत वाहत असण्याचा संभव असतो.