हेडी लामारचं पेटंट

महिला दिनाच्या भाषणात एक वाक्य हमखास येतं, "हॉलिवूडची नटी हेडी लामार हिने वाय-फायचा शोध लावला." पालकांनो, भाषण लिहून देताना तेवढं वाक्य बदला!

तिचा खरा शोध समजायला सोपा आहे. टॉर्पेडोला रेडिओने दिशा द्यायची, तर शत्रू ती फ्रिक्वेन्सी जाम करणार. मग एका फ्रिक्वेन्सीवर थांबायचंच नाही! जहाजात आणि टॉर्पेडोत सारखी भोकं पाडलेली कागदी पट्टी, आपोआप वाजणाऱ्या पियानोत असते तशी. ती सरकेल तशी दोन्हीकडची फ्रिक्वेन्सी एकदम बदलते. सुचवलेल्या फ्रिक्वेन्सी ८८, पियानोच्या पट्ट्याही ८८च. (जोडीदार जॉर्ज अँथाइल संगीतकार होता ना!) वर्गात दोन मुलांना आकड्यांची सारखी यादी देऊन बघा, लगेच कळतं.

पेटंट ११ ऑगस्ट १९४२ला मिळालं. नौदलाने तेव्हा वापरलं नाही, १९५९मध्ये मुदत संपली, तिला त्यातून पैसा मिळाला नाही. अशी कल्पना आधीही काहींनी मांडली होती. ब्लूटूथ हेडफोन सेकंदाला १६०० वेळा फ्रिक्वेन्सी बदलतो; घरातलं आजचं वाय-फाय मात्र अशा उड्या मारत नाही.

मूळ पेटंट मुलांना दाखवायचं असेल तर अमेरिकन पेटंट क्रमांक २२९२३८७ शोधा. त्यावर तिचं नाव हेडी कीसलर मार्की असं आहे.