कोल्हा दाराशीं आला तर

कोल्हा हा प्राणी आपणां शहरवासीयांना बहुधा गोष्टींतूनच भेटतो. द्राक्षें आंबट म्हणणारा, कावळ्याची स्तुति करून त्याच्या चोंचींतला घास पळविणारा तो लबाड कोल्हा लहानपणापासून आपल्या ओळखीचा असतो. परंतु खराखुरा कोल्हा मुंबईसारख्या महानगरीच्या कुंपणाशींच राहतो, असें सांगितलें तर पुष्कळांना नवल वाटतें. ठाण्याच्या खाडीच्या कांठीं विक्रोळीच्या बाजूस, पलीकडे ऐरोली-खारघरकडे, तसेंच गोराईच्या कांदळवनांत कोल्ह्यांची वस्ती आहे. खाडीकांठच्या नव्या इमारतींतील बिऱ्हाडांना तिन्हीसांजेला कोल्हेकुई ऐकूं येते, आणि मग प्रश्न सुरू होतात : हें जनावर मुलांवर धांवून येईल काय ? त्याला पकडून दूर सोडतां येणार नाहीं काय ? समोर दिसलें तर करावें काय ? ह्या प्रश्नांचा आज थोडक्यांत विचार करूं.

प्रथम ओळख पटणें अवश्य आहे. कारण अंधारांत जें जें चार पायांवर पळतें, तें तें लोकांच्या तोंडीं लांडगाच होतें. श्वानकुलांतील चार वन्य प्राणी महाराष्ट्रांत आढळतात. त्यांत कोल्हा सर्वांत परिचित. तो गांवठी कुत्र्याहून सडपातळ, वजनानें सुमारें ८ ते १० किलो, रंगानें पिंगट-करडा. त्याची शेपटी झुपकेदार व टोंकाशीं काळी असते. खोकड त्याहूनहि पुष्कळ लहान, अवघें दोन-तीन किलोंचें व मोठ्या कानांचें. तें उघड्या माळावर बीळ करून राहतें आणि वाळवी, भुंगेरे, उंदीर यांवर गुजराण करतें. लांडगा उंच, लांब पायांचा, २० किलोंच्या आसपास भरणारा. पुणें-सोलापूरकडील माळरानें हें त्याचें घर आणि धनगराचीं मेंढरें हें त्याचें नित्याचें लक्ष्य. चौथा कोळसुंदा अथवा रानकुत्रा. हा तांबूस रंगाचा प्राणी कळपानें शिकार करतो आणि शीळ घालून सोबत्यांना हांक देतो. मेळघाट-ताडोब्यासारखीं दाट जंगलें सोडून तो शहरांकडे सहसा फिरकत नाहीं. तरस मात्र श्वानकुलांतलें नव्हे. तें दिसावयास कुत्र्यासारखें असलें, तरी प्राणिशास्त्रज्ञ त्याची गणना मांजर व मुंगूस यांच्या बाजूला करतात.

तेव्हां घराजवळ गांठ पडण्याचा संभव असेल तर तो मुख्यतः कोल्ह्याशीं. त्याच्या चरितार्थाचें रहस्य आपल्या एका म्हणींतच सांगितलेलें आहे : कोल्हा काकडीला राजी. मांसाहारी म्हणून त्याची ख्याति असली, तरी बोरें, ऊंस, काकड्या, कलिंगडें, जें मिळेल तें तो खातो. कांदळवनांत खेंकडे व मासे, वस्तीजवळ उंदीर-घुशी, आणि कोठें मेलेलें जनावर पडलें असेल तर तेंहि तो सोडीत नाहीं. उंदरांचा नाश व घाणीची सफाई हीं दोन कामें तो कोणाच्या सांगण्यावांचून व मोबदल्यावांचून करीत असतो. नर-मादी जोडीनें राहतात. मोठीं झालेलीं पिलें पुष्कळदां आईबापांना धाकट्या भावंडांच्या संगोपनांत हातभार लावतात. एकानें सूर धरला कीं सारें कुटुंब त्याला साथ देतें. रात्रीं भोंगा वाजला तरी त्याला प्रत्युत्तर देण्याइतकें त्यांना त्या गायनाचें वेड असतें. कोल्हेकुई ही हल्ल्याची हांक नव्हे; एकमेकांचा ठावठिकाणा सांगण्याची व आपल्या हद्दीची ग्वाही देण्याची ती रीत आहे.

मग हा प्राणी आपल्या फाटकापर्यंत कां येतो ? एक तर तो आपल्याकडे आला, त्यापेक्षां आपणच त्याच्याकडे गेलों, हें अधिक खरें. खाडीकांठीं भराव पडले, रस्ते झाले, इमारती उठल्या. कोल्हा होता तेथेंच राहिला. दुसरें कारण आपण रोज रात्रीं कचरापेटींत टाकतों तें उष्टें-खरकटें. अमेरिकेंत कोयोट नांवाचा आपल्या कोल्ह्याचाच एक भाऊबंद आहे. तो मूळचा मोकळ्या माळरानांचा; आज मोठमोठ्या शहरांतून राहतो. शिकागो शहराच्या परिसरांत २००० सालापासून त्याच्या गळ्यांत रेडिओपट्टे बांधून अभ्यास चालला आहे. बहुतेक कोयोट माणसांना चुकवून, रात्रींचे हिंडून, उंदरांसारख्या प्राण्यांवर पोट भरतात, असें त्यांत दिसून आलें. तेथील अनुभव असा कीं, कोणी हातानें खाऊं घालूं लागलें, म्हणजे भीड चेपते आणि मग त्रासाला आरंभ होतो. आपल्याकडेहि हाच नियम लागूं आहे. कोल्ह्याला पोळी टाकणें हें भूतदयेचें कृत्य वाटलें, तरी त्यानें त्याचा नाशच ओढवतो.

म्हणून कोल्हा दिसला तर पाठ फिरवून धांवूं नये. धांवणाऱ्याच्या मागें लागणें हा साऱ्या श्वानकुलाचा स्वभाव आहे. मुलाला जवळ घ्यावें, उभें राहावें, हात उंचावून मोठ्यानें ओरडावें. निरोगी कोल्हा क्षणांत झुडपांत दिसेनासा होतो. त्याला कोंडींत पकडूं नये, दगड मारूं नयेत, आणि पिलें दिसलीं तर उचलून घरीं आणूं नयेत. त्यांची आई जवळच असते. कचऱ्याला झांकण असावें, कोंबड्या रात्रीं बंद कराव्या आणि पाळीव कुत्रा साखळीवांचून खाडीकडे सोडूं नये.

लांडग्याच्या बाबतींत मात्र अधिक सावध राहिलें पाहिजे. तोहि सामान्यतः माणसाला भितो. परंतु २०२४ सालीं उत्तर प्रदेशांतील बहराइच जिल्ह्यांत लांडग्यांच्या हल्ल्यांत अनेक मुलें दगावलीं, हें विसरून चालणार नाहीं. ज्यांच्या घरांना धड दारें नाहींत, अशा गरिबांचीं मुलें अशा वेळीं बळी पडतात. लांडग्यांचा वावर असलेल्या भागांत लहान मुलांनीं उघड्यावर निजूं नये, हाच त्यांतला धडा.

परंतु खरी भीति दांतांची नाहीं, दांतांतून येणाऱ्या विषाणूंची आहे. २०२४ सालींच मुंबईच्या पूर्व भागांतील कांहीं कोल्ह्यांना रेबीज, म्हणजे पिसाळण्याचा रोग, झाल्याचें तपासणींत आढळलें. पिसाळलेला प्राणी भय विसरतो, भर दिवसां वस्तींत शिरतो, कारणावांचून चावतो. कधीं त्याचा जबडा लुळा पडून लाळ गळते. असें जनावर दिसतांच दूर व्हावें. त्यानें चावा घेतला, ओरखडलें किंवा फाटलेल्या कातडीवर त्याची लाळ लागली, तर जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. हळद, चुना, तिखट यांपैकीं कांहींहि लावूं नये. १८८५ सालीं पाश्चर यांनीं नऊ वर्षांच्या एका मुलाला लस टोंचून वांचविलें, तेव्हांपासून ह्या रोगाला वेळींच अडवतां येतें. पण लक्षणें उमटल्यावर रोगी वांचणें जवळजवळ अशक्य असतें. पोटांत चौदा इंजेक्शनें घेण्याची जुनी रीत आतां राहिली नाहीं. लस दंडांत चार किंवा पांच वेळां टोंचतात, आणि जखम गंभीर असेल तर तिच्याभोंवतीं प्रतिद्रव्याचें औषधहि देतात. एकहि टोंचणी चुकवूं नये. शिवाय आपल्या देशांत माणसांना होणारा रेबीज बहुतांशीं कुत्र्यांपासूनच येतो. म्हणून गल्लींतल्या कुत्र्यांना लस टोंचून घेतली, तर माणूस व कोल्हा दोघांचेंहि रक्षण होतें.

शेवटचा प्रश्न पकडून दूर नेण्याचा. एक जोडपें हलविलें तर रिकाम्या जागीं दुसरें येतें, आणि मागें राहिलेलीं पिलें उपाशी मरतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें ह्या प्राण्यांना संरक्षण दिलेलें आहे. त्यांना मारणें, पकडणें वा पाळणें हा गुन्हा आहे. ‘कोल्ह्याचें शिंग’ म्हणून जें ताइतासाठीं विकलें जातें, तीहि निव्वळ फसवणूक होय. कोल्ह्याला शिंग नसतेंच. जखमी, अडकलेलें वा पिसाळलेलें जनावर आढळलें, तर महाराष्ट्राच्या वनखात्याला १९२६ ह्या क्रमांकावर कळवावें आणि तज्ज्ञ माणसें येईपर्यंत गर्दी होऊं देऊं नये.

शेजाऱ्याशीं मैत्रीच केली पाहिजे असें नाहीं. हद्द सांभाळली म्हणजे पुरे. कोल्हा आपली हद्द रोज संध्याकाळीं ओरडून सांगतो. कचऱ्याच्या पेटीवर झांकण ठेवून आणि मुलांना चार गोष्टी समजावून आपण आपली सांभाळावी.